सिग्नल नसलेल्या चौकात आधी जाण्याचा हक्क कोणाचा?

भारतात या प्रश्नाचे उत्तर मोटार वाहन (चालन) विनियम, 2017 मध्ये आहे. दोन्ही रस्ते सारख्या दर्जाचे असतील आणि तेथे सिग्नल, फलक किंवा पोलीस नसेल, तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते. मात्र गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने, वाहन कोणत्याही बाजूचे असो, मुख्य रस्त्यावरील वाहतुकीसाठी थांबले पाहिजे. वर्तुळाकार चौकातही आत फिरत असलेल्या वाहनांना प्राधान्य असते. नेमके हेच आपल्याकडे सर्वांत कमी पाळले जाते, कारण समोरच्याने दिवे चमकवले की त्याला हक्क मिळाला, अशी एक निराधार समजूत रूढ झाली आहे.

घाटातील अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असते, कारण चढावर थांबलेले जड वाहन पुन्हा हलवणे अवघड जाते. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याचा हक्क पहिला. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.