शैक्षणिक पार्कात कार्टूनची पात्रं ठेवावीत का?

गुहागरच्या बाजूला समुद्रजीवनावरचं छोटं पार्क काढताय, आणि सिनेमातली कार्टून पात्रं ठेवली तर मुलं काही शिकतील की नुसते फोटो काढून जातील, असं तुम्ही विचारलंय. पात्रं जरूर ठेवा. फक्त त्यांनी प्रश्न विचारावेत, उत्तर खऱ्या प्राण्याकडून मिळावं.

फ्लोरिडात डिस्नेच्या एपकॉट पार्कात १९८६ मध्ये 'लिव्हिंग सीज' नावाचं दालन उघडलं. २ कोटी लिटरहून मोठी खाऱ्या पाण्याची टाकी, आणि सगळा थाट संशोधन केंद्राचा. २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' हा निमो नावाच्या छोट्या क्लाउनफिश माशाचा कार्टून सिनेमा आला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत अख्खं दालन निमोच्या नावावर झालं. टाकी तीच राहिली. तिथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे २००४ पासून त्याच सिनेमातलं क्रश नावाचं कासव पडद्यावरून समोर बसलेल्या मुलांशी गप्पा मारतं. हे आधी रेकॉर्ड केलेलं नसतं. पडद्यामागचा कलाकार मुलाचं ऐकून बोलतो आणि चित्र त्याच क्षणी तसं हलतं. मुलाचा स्वतःचा प्रश्न आणि खास त्यालाच मिळालेलं उत्तर, याला तोड नाही. तिथल्या सफरीच्या शेवटी मात्र खऱ्या टाकीतच कार्टून मासे पोहताना दिसतील अशी योजना आहे. ते मला पटत नाही. मुलाची नजर चित्राकडेच जाणार.

मी शाळेची मुलं वेळासला, आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला नेतो. कार्यकर्ता खड्ड्यावरची टोपली उचलतो, वाळूत काळपट पिल्लं वळवळत असतात. दोरीमागून कोणीतरी विचारतंच, "सर, ह्यांची आई कुठाय?" सिनेमात क्रश आपल्या पोराला घेऊन फिरतो ना! खरी ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी पुरते आणि समुद्रात निघून जाते, ती परत बघायला येत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं एकटीच वर येतात. सिनेमा बघितलेला असतो म्हणूनच तो प्रश्न मुलाला पडतो, आणि मग उत्तर पक्कं डोक्यात बसतं.

निमोचंही तसंच. सिनेमात त्याची आई सुरुवातीलाच जाते. खऱ्या क्लाउनफिशांच्या गटात मोठी मादी गेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो. म्हणजे खऱ्या समुद्रात निमोचे बाबाच पुढे मादी झाले असते! हे सांगितल्यावर सातवी-आठवीची मुलं काचेला नाक लावून गटातला सगळ्यात मोठा मासा शोधायला लागतात. तुमच्या फलकांवर सिनेमातली अशी चूक ठळक लिहा, लपवू नका.

हक्कांचं आधीच बघून घ्या. अंगणवाडीच्या भिंतीवर छोटा भीम दिसतो म्हणून तिकीट लावलेल्या पार्कात तो चालेल असं धरू नका. कंपनीचा लेखी परवाना लागतो.

माझं मत विचाराल तर त्या पैशांत आपल्याच किनाऱ्यावरची पात्रं उभी करा. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरहून उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलेली बागेश्री कासवीण दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. उलट दिशेचंही उदाहरण आहे: २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. मोठ्या नकाशावर दोघींचा प्रवास काढा, आणि बागेश्रीच्या बाहुलीला गावातल्याच एखाद्या हुशार मुलीचा आवाज द्या. ती कासवांची माहिती पक्की शिकलेली हवी. मुलं काहीही विचारतात, तिथे पाठ केलेली स्क्रिप्ट पुरत नाही.

फोटोची जागा बाहेर पडायच्या दारापाशी ठेवा. आत शिरतानाच ठेवलीत तर रांग तिथेच तुंबते आणि टाकीपाशी पोचेपर्यंत शाळेच्या बसची निघायची वेळ होते.