गट, आघाडी, पॅनेल, कृती समिती... कुणाला काय म्हणायचं?

प्रश्न: नमस्कार सर, कागल तालुक्यातनं लिहितोय. आमच्याकडं सगळं गटावर चालतं, पेपरात आघाडी-युती असतं, दूध संघाला पॅनेल म्हणतात, रस्त्यावर उतरलं की कृती समिती, आणि परवा टीव्हीवर एकजण आम्हा ऊस उत्पादकांनाच 'लॉबी' म्हणत होता. मुलगी अकरावीला आहे, पोलिटिकल सायन्स घेतलंय, तिनं फरक विचारला आणि मला धड सांगता येईना. हे सगळं एकच का?
— एक वाचक, कागल तालुका

उत्तर: एकच नाही हो. मुलीला दोन प्रश्न विचारायला शिकवा: ही माणसं कशासाठी जमलीत, आणि काम झालं नाही तर जाब कुणाला विचारायचा? एवढं कळलं की नाव आपोआप कळतं.

गट तुम्हाला मी काय सांगणार, कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात ते उगीच नाही. मंडलिक गट, मुश्रीफ गट, राजे गट, संजयबाबा गट, म्हणजे माणसाच्या किंवा घराण्याच्या नावानं ओळखली जाणारी फळी. पक्ष बदलला तरी गट जाग्यावरच राहतो, कार्यकर्ता आधी गटाचा आणि मग पक्षाचा. गटाला घटना नसते, सभासद नोंदणी नसते, सगळा व्यवहार शब्दावर. गट अडीअडचणीला धावून येतो हे खरंय, पण मला त्यातली खटकणारी गोष्ट हीच की नेत्यानं दिशा बदलली तर खालच्या माणसाला विचारायची सोयच नाही.

पॅनेल वेगळं. सहकारी संस्थेच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून तेवढ्यापुरती उमेदवारांची यादी एका नावाखाली बांधतात, कपबशी नाहीतर विमान असलं काहीतरी चिन्ह घेतात आणि 'पॅनेल टू पॅनेल' शिक्का मारा म्हणून सांगत फिरतात. 2021 ची गोकुळची, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्हा दूध संघाची निवडणूक आठवा, सतेज पाटील आणि पी. एन. पाटील दोघंही काँग्रेसचे, पण एकमेकांच्या विरोधातल्या पॅनेलमागं उभे होते, आणि सतेज पाटलांच्या बरोबर राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ. 21 पैकी 17 जागा सतेज पाटील-मुश्रीफांच्या पॅनेलनं घेतल्या. तिथं जोडणारी गोष्ट पक्ष नव्हता, दूध संघाची सत्ता होती.

आता कृती समिती, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. एकच मागणी आणि सगळे पक्ष एका सतरंजीवर. कोल्हापूर शहरातल्या टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील सर शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, गोविंद पानसरे कम्युनिस्ट पक्षाचे, आणि त्यांच्या शेजारी एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक, व्यापारी, तालमीची पोरं, रिक्षावाले. समितीत बहुतेकवेळा 'अध्यक्ष' नसतो, 'निमंत्रक' असतो, हे बारकाईनं बघा. अध्यक्ष नेमायचा म्हटलं की कुठल्या पक्षाचा यावर पहिल्याच बैठकीत वाद, निमंत्रकाचं काम निरोप देणं, बैठक बोलावणं, निवेदनावर सगळ्यांच्या सह्या घेणं, त्यामुळं कुणाचा मान दुखावत नाही. 2015 च्या शेवटी टोल रद्द करायचा निर्णय झाला. पानसरे अण्णांवर त्याच वर्षी फेब्रुवारीत गोळ्या झाडल्या, त्यांना तो दिवस बघायला मिळाला नाही, याची हळहळ अजून जात नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात व्हावं म्हणून वकिलांनी असाच लढा कित्येक वर्षं चालवला, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्यात, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं.

कधीकधी समिती निवडणुकीत पण उतरते. संयुक्त महाराष्ट्र समिती 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात स्थापन झाली, त्यात प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप असे एरवी न पटणारे पक्ष होते, तिनं 1957 ची निवडणूक लढवून काँग्रेसला घाम फोडला. 1960 ला राज्य मिळालं आणि मग समिती टिकली नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नये, मागणी पुरी झाली की समिती विसर्जित व्हावी हेच बरोबर.

आणि लॉबी. हा शब्द पडद्यामागं मंत्रालयात वजन वापरणाऱ्यांसाठी आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत उन्हात बसून, बिल्ला लावून, हजारोंच्या समोर दर मागणारा शेतकरी लॉबी कसा? त्याची ती संघटना. अभ्यासाच्या पुस्तकात दबावगट म्हणतात, म्हणजे स्वतः सत्तेत न जाता सरकारवर दबाव आणणारा. अर्थात संघटनेतनं पक्षही निघतो, शरद जोशींनी 1994 ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, राजू शेट्टींचा स्वाभिमानी पक्ष तसाच. पण परत टीव्हीवर कुणी लॉबी म्हणालं तर गप्प बसू नका, चॅनेलला लिहा.

प्रश्न: युती आणि आघाडी यात कायद्यानं काही फरक आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: युती आणि आघाडी यात कायदेशीर फरक नाही, सवयीचा आहे. शिवसेना-भाजप 1989 ला एकत्र आले त्याला युती म्हटलं, काँग्रेस-राष्ट्रवादी 1999 ला एकत्र आले त्याला आघाडी, तेच पुढं महायुती आणि महाविकास आघाडीत आलं.

पण महापालिकेत 'आघाडी'ला खरोखर कायद्यात जागा आहे. स्थानिक संस्थांच्या सदस्य अनर्हता (म्हणजे अपात्रता) कायद्यात आघाडीची व्याख्याच दिलीय: स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेला लोकांचा समूह. आपल्या कोल्हापूर महापालिकेतली ताराराणी आघाडी हे त्याचं जवळचं उदाहरण, 2015 ला भाजपबरोबर लढली होती. निकालानंतर नगरसेवक पुण्याला विभागीय आयुक्तांकडं जाऊन गटनोंदणी करतात (हा गट सभागृहातला, कागदावरचा, कागलच्या गटासारखा नव्हे), गटनेता ठरतो, मग त्याचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, सगळ्यांना लागू. निकालानंतर महिन्याच्या आत नवी आघाडी नोंदवायचीही सोय आहे. एवढी धावपळ कशासाठी, तर स्थायी समितीच्या 16 जागा संख्याबळाप्रमाणं वाटल्या जातात, एकटादुकटा राहिला तर हाती काही लागत नाही.

प्रश्न: आमच्या भागात समजा अपक्ष निवडून आला आणि नंतर पक्षात गेला, तर चालतं?
— एक ताई, कसबा बावडा

उत्तर: ताई, नुसता पाठिंबा दिला तर चालतं. पण निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर याच कायद्यानं पद जाऊ शकतं, महापालिकेच्या बाबतीत निर्णय विभागीय आयुक्त करतात. म्हणून पाठिंब्याचं पत्र देताना 'प्रवेश' हा शब्द कुठं आलाय का ते हुशार अपक्ष दोनदा वाचून बघतात. तुम्ही मतदार म्हणून प्रचारातच विचारा, निवडून आल्यावर कुणाच्या गटात बसणार, आणि उत्तर चारचौघात घ्या.