परूशी: पारशी नव्हेत, ढोंगी तर नव्हेतच

एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. मराठी बायबलात 'शास्त्री व परूशी' अशी जोडी वारंवार भेटते, त्यातले परूशी म्हणजे आपले पारशीच का? 'परूशी वृत्ती' हा प्रयोग ढोंगीपणा या अर्थाने करावा का? आणि शब्द परुशी लिहावा की परूशी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' एवढेच आहे. पारशी हे जरथुश्त्राचे अनुयायी. परूशी हा यरुशलेमचे दुसरे मंदिर उभे होते त्या काळातला ज्यूंचा एक पंथ. योसेफस या पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकाराने सदूकी आणि एसेनी या इतर ज्यू पंथांबरोबर त्याचे वर्णन केले आहे. गोंधळ होतो तो निव्वळ उच्चारामुळे, आणि तोही मराठीने घडवलेला आहे. मराठीत इ-ईकारापूर्वीचा स पुष्कळदा श होतो: म्हैस पण म्हशी, मावसभाऊ पण मावशी. त्याच न्यायाने पारसीचा पारशी झाला. गुजरातीत तो आजही 'पारसी'च आहे. म्हणजे पारशी या शब्दातला श इथे जन्मला आणि परूशी या शब्दातला श मूळ हिब्रूतला आहे. हिब्रूत पर्शियाचे नाव 'पारास' असे आहे आणि ते सामेख या अक्षराने लिहितात. परूशी ज्यावरून आला तो 'पारूश' (अनेकवचनी पेरूशीम) मात्र शीनने लिहितात. ही दोन अक्षरे वेगळी, धातू वेगळे.

ही चूक फक्त आपल्याकडची आहे असे मात्र नाही. टी. डब्ल्यू. मॅन्सन या ब्रिटिश बायबल-अभ्यासकाने १९३८ मध्ये गंभीरपणे असे मांडले होते की हे नाव मुळात 'पारसी वळणाचे' अशा अर्थाची विरोधकांनी दिलेली शिवी असावी. कारण मेलेल्यांचे पुनरुत्थान आणि देवदूतांची उतरंड या परूश्यांच्या कल्पना सदूक्यांना इराणी वाटत असणार. तर्क चतुर आहे, पण तो स्वीकारायचा तर आधी शिवी मिळाली, मग पंथाने तिच्यातले एक अक्षर बदलले आणि नवा अर्थ चिकटवून ती अभिमानाने मिरवली, असे सारे गृहीत धरावे लागते. एवढी कसरत करण्याची गरज काय? सरळ धातू समोर असताना आडवळणाने जाणे हा व्युत्पत्तिशास्त्रातला दोष आहे.

'ढोंगी' या अर्थाचा प्रयोग मात्र मला खरोखरच खटकतो. राजकीय लेखांत आणि प्रवचनांत 'हे सारे परूशी' असे सर्रास म्हटले जाते. त्याचे मूळ बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, जिथे येशू शास्त्री आणि परूशी यांना ढोंगी म्हणून फटकारतो. परंतु ती एकाच समाजातल्या लोकांची आपसातली खडाजंगी होती. येशूचा प्रेषित पौल स्वतःला परूशी म्हणवतो आणि ज्या गमलियेल या गुरूच्या पायाशी तो शिकला तोही परूशीच. भांडणातले विशेषण उचलून ते प्रतिपक्षाच्या नावाचा अर्थ म्हणून कोशात बसवणे अन्यायाचे आहे. ढोंग्यासाठी हिब्रूत 'त्सावूआ' असा स्वतंत्र शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'रंगवलेला'. (पंचतंत्रातला निळा कोल्हा इथे मराठी वाचकाला आठवेलच.) तालमुद या ज्यूंच्या धर्मचर्चांच्या ग्रंथातल्या सोटा या प्रकरणात ज्यूंचा यन्नाय राजा आपल्या राणीला सांगतो की परूश्यांना भिऊ नकोस, परूशी नसलेल्यांनाही भिऊ नकोस, भ्यायचे ते परूश्यांसारखे दिसणाऱ्या रंगवलेल्यांना. हा राजा परूश्यांचा हाडवैरी म्हणून प्रसिद्ध होता, तरी परूशी आणि ढोंगी हे दोन वेगळे आहेत हे त्याच्या तोंडूनही वदवले गेले. त्याच पानावर नाना प्रकारच्या दिखाऊ परूश्यांची यादी देऊन त्यांची खरडपट्टीही काढलेली आहे. म्हणजे दांभिकतेवर टीका करण्याचे काम या परंपरेने स्वतःच केले होते.

आता नावाचा अर्थ. बहुतेक संदर्भग्रंथ 'वेगळे झालेले' असा अर्थ देऊन मोकळे होतात: प-र-श म्हणजे वेगळे करणे, म्हणून पेरूशीम म्हणजे शुद्धाशुद्धतेसाठी इतरांपासून अलग राहणारे. मिशना या ज्यूंच्या मौखिक नियमांच्या संग्रहातल्या काही वाक्यांत तो अर्थ नक्कीच आहे, आणि एकोणिसाव्या शतकात विल्ना इथल्या गाओनचे, म्हणजे थोर ज्यू पंडिताचे, जे शिष्य पॅलेस्टाइनात जाऊन राहिले त्यांनाही पेरूशीमच म्हणत. पण या अर्थाने पंथाची ओळख पटत नाही. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत एक पत्र आहे, त्यात लिहिणारे याच क्रियापदाने 'आम्ही लोकसमुदायापासून वेगळे झालो' असे स्वतःबद्दल सांगतात, आणि ते परूशी नव्हते. त्या काळात वेगळे कोण होत नव्हते? वाळवंटात जाऊन राहिलेल्यांपेक्षा शहरात, बाजारात, लोकांत वावरणारे परूशी अधिक 'वेगळे' कसे?

याच धातूचा दुसरा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. हिब्रूत 'पेरूश' म्हणजे भाष्य. राशी या मध्ययुगीन ज्यू पंडिताने तोरावर, म्हणजे ज्यूंच्या नियमशास्त्रावर, लिहिलेल्या भाष्यालाही हाच शब्द लावतात. वेगळे करणे आणि स्पष्ट करणे हे अर्थ एकाच धातूत कसे नांदतात, याचे नवल मराठी माणसाला वाटू नये, कारण आपण 'फोड करून सांगतो'. संस्कृतातही तेच घडले: वि-विच् म्हणजे निवडून वेगळे करणे, त्यातून विवेक आला आणि त्यातूनच विवेचनही आले. म्हणून पेरूशीम म्हणजे विवेचक, नियमाची फोड करून सांगणारे, असे मी मानतो. अल्बर्ट बाउमगार्टेन यांनीही याच दिशेने युक्तिवाद केला आहे आणि त्याला योसेफसचा भक्कम आधार आहे, कारण परूश्यांची ख्याती नियमांचा अर्थ काटेकोरपणे लावण्याबद्दल होती असे तो पुन्हा पुन्हा नोंदवतो. बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले आठवे वचन तर या दृष्टीने विलक्षण आहे: नियमशास्त्राचा ग्रंथ त्यांनी वाचला, 'मेफोराश' वाचला, आणि लोकांना अर्थ समजावला. मेफोराश म्हणजे भाग पाडून की उलगडून की भाषांतर करून, यावर पंडितांचे एकमत नाही. पण धातू तोच आहे, आणि 'वाचला' या क्रियापदाचा धातू आहे क-र-आ. पुढे आठव्या शतकापासून ज्यांनी मौखिक परंपरा नाकारून केवळ लिखित शास्त्र प्रमाण मानले, त्या कराईत पंथाचे नाव या दुसऱ्या धातूवरून पडले. एका वचनात दोन धातू शेजारी बसलेले आहेत, आणि ज्यू धर्मातला मोठा वाद नेमका वाचणारे आणि फोड करणारे यांच्यातच झाला. हा योगायोग असेलही, परंतु पंथांची नावे ग्रंथाशी असलेल्या नात्यावरून पडतात हे त्यातून दिसते.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यावर मंदिरावर विसंबलेले सदूकी लोप पावले. परूश्यांची अर्थ लावण्याची परंपरा यावने या गावी योहानान बेन झक्काय या रब्बींनी आणि त्यांच्या शिष्यांनी टिकवली, आणि सुमारे २०० साली मिशनाच्या रूपाने ती ग्रंथबद्ध झाली. आजचा बहुतेक सारा ज्यू धर्म त्या परंपरेचा वारस आहे, आपले कोकणातले बेने इस्राएलही. मुंबईत १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या त्या पोथीत बेने ब्राक इथे जमलेल्या पाच रब्बींची गोष्ट येते: मिसरमधून झालेल्या सुटकेची चर्चा करता करता त्यांची रात्र सरते, आणि पहाटेच्या शमा या प्रार्थनेची वेळ झाली हे शिष्यांना येऊन सांगावे लागते. परूश्यांचे वारस ते हे. त्यांच्या नावाचा अर्थ 'ढोंगी' असा शिकवणे म्हणजे शेजारच्या घरातल्या पूर्वजांना नावे ठेवणे आहे.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. शेवटचे अक्षर दीर्घ असल्यास उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार-उकार ऱ्हस्व, या नियमावर बोट ठेवून 'परुशी' लिहिण्याचा आग्रह काही जण धरतात. तो नियम महिना, पिसू, विळी अशा घरच्या शब्दांसाठी आहे. ग्रीकात हे नाव 'फारिसायोस' झाले, हिंदीत 'फरीसी' आले. त्यांत ऊ नाही आणि श नाही. मराठी भाषांतरकारांनी मात्र ऊ आणि श ही दोन्ही राखली, सुरुवातीचा प सुद्धा फ होऊ दिला नाही. त्यांची नजर हिब्रूकडे होती याचा याहून स्पष्ट पुरावा नको. तो दीर्घ ऊकार मूळ 'पारूश'मधला आहे. 'परूशी' असेच लिहावे, आणि त्याच कारणाने 'सदूकी'सुद्धा.