मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या निसर्गोपचारकांवर विश्वास ठेवावा का?

तुमच्या वडिलांचे वय 61 आहे, मधुमेह 11 वर्षांपासूनचा आहे, आणि एका प्रसिद्ध निसर्गोपचारकांची भाषणे ऐकून त्यांनी ठरवले आहे की गोळ्या बंद करायच्या, तीन महिने सांगितलेला आहार घ्यायचा आणि मधुमेह मुळासकट घालवायचा. या गृहस्थांवर असंख्य लोकांची श्रद्धा आहे, डॉक्टर मंडळी त्यांना भोंदू म्हणतात, मग आपल्यासारख्यांनी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. फार्मासिस्ट आहे आणि गेली 22 वर्षे सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे मेडिकल आहे. गोळ्या अचानक बंद केलेली माणसे मी काउंटरच्या या बाजूने बरीच पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माणूस खरा की खोटा, या वादात सध्या पडू नका, कारण त्याचा निकाल घरात लागत नाही आणि वडील तेवढे दुखावतात. त्याऐवजी त्यांचा सल्ला एका कागदावर लिहून काढा आणि त्याचे दोन भाग करा: काय सुरू करायला सांगितले आहे आणि काय बंद करायला सांगितले आहे. भाज्या वाढवा, साखर आणि मैदा सोडा, रोज चाला, रात्री लवकर जेवा, हे सांगणारा कोणीही असो, त्यात वडिलांचे नुकसान होण्याचा संभव फार थोडा. धोका जवळजवळ नेहमी दुसऱ्या भागात असतो.

आता त्यांच्या मुख्य दाव्याबद्दल. आहाराने मधुमेह मागे हटू शकतो, ही गोष्ट खोटी नाही, आणि ती सरसकट खोटी ठरवली की वडील डॉक्टरांचेही ऐकेनासे होतात. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे 300 रुग्ण होते. निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण 850 कॅलरींच्या आसपासचा द्रव आहार दिला आणि पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या. वर्षाअखेरीस त्यांतील 46 टक्के लोकांची साखर गोळ्यांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. पण हे सगळे रुग्ण वजनदार होते, त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिनवर असलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते, आणि गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली, वारंवार तपासण्या करून. दोन वर्षांनी हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. म्हणजे मधुमेह मुळासकट गेला असे त्या संशोधकांनीही म्हटले नाही. वजन पुन्हा वाढले की साखरही परत येते. तुमच्या वडिलांची 11 वर्षे त्या सहा वर्षांच्या कितीतरी पुढे आहेत, आणि सभेत टाळ्या घेणाऱ्या वाक्यातून नेमका हाच तपशील गळालेला असतो.

दुसरी गोष्ट त्याहून तातडीची आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. कडक आहार सुरू करून जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवणेही धोक्याचे असू शकते. वडिलांच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून मागचे बारीक अक्षरातले नाव वाचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर ही औषधे माणूस जेवला आहे की उपाशी आहे हे न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि उपवासाच्या दिवशी साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर पिष्टमय पदार्थ एकदम बंद केल्याने किंवा लांबच्या उपवासाने रक्तात आम्ल साठू शकते, आणि अशा वेळी साखर फारशी वाढलेली दिसत नसल्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा खाली जात नाही. हजारोंच्या सभेत एकच सल्ला देणाऱ्या माणसाला वडिलांच्या पट्टीवर यांतले काय लिहिले आहे हे ठाऊक असणे शक्यच नाही.

आता 'अमक्याला गुण आला' या पुराव्याबद्दल. नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि उपवास यांनी बरा झाल्याचे सांगितले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनी सहीनिशी निवेदन काढून या दाव्यांना पुरावा नाही आणि रुग्णांनी उपचार लांबवू नयेत, असे कळवले. सौ. सिद्धू यांची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. त्या बऱ्या झाल्या याचा आनंदच आहे. पण ऐकणाऱ्याच्या लक्षात हळद राहते आणि शस्त्रक्रिया विसरली जाते. म्हणून असा अनुभव कानावर आला की त्या माणसाने त्याच काळात आणखी कोणते उपचार घेतले, हे आधी विचारा.

माझ्या घरचा अनुभव याहून कठीण होता. 2009 साली आईची बोटे सकाळी उठल्यावर तास-दीड तास वळत नसत. मिरजेच्या डॉक्टरांनी आमवात सांगून औषधे लिहून दिली, पण ती लागू पडायला काही आठवडे लागतील असेही सांगितले. तेवढा धीर तिला नव्हता. मावशी तिला शेजारच्या तालुक्यातील एका वैद्यबुवांकडे घेऊन गेली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या राखाडी पुड्या, सकाळ-संध्याकाळ मधातून. चौथ्या दिवशी आईने स्वतः पीठ मळून भाकऱ्या थापल्या. मी फार्मासिस्ट असूनही काही बोललो नाही, कारण फरक डोळ्यांसमोर होता. दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल आणि सुजल्यासारखा झाला, कधी नव्हती ती साखर 280 निघाली, आणि एकदा पुड्या संपल्या, तेव्हा आठ दिवसांत तिला अंथरुणावरून उठवेना, रक्तदाब खाली गेला. पुडीत स्टेरॉइड असणार, असे डॉक्टर म्हणाले. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते आणि ते अचानक तुटले की माणूस कोसळतो. झटपट आलेला गुण खरा होता, पण तो कशाचा होता हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे वडिलांना काही चूर्ण किंवा काढा मिळाला असेल, तर त्यावर घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली आहे का ते पाहा. नसेल तर ते पोटात जाऊ देऊ नका.

यावरून मी आयुर्वेदाच्या विरोधात आहे असे समजू नका. सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पडताळून 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाने ते स्वीकारले. पारंपरिक औषधाला सिद्ध होण्याची वाट बंद नाही. उलट 2020 मध्ये करोनाच्या भीतीने लोक गुळवेलीचा काढा रोज पिऊ लागले, तेव्हा मुंबईतील यकृततज्ज्ञांनी कावीळ झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली, पण नंतर देशभरातील 13 केंद्रांतून असे 43 रुग्ण नोंदले गेले. वनस्पती आहे म्हणजे निर्धोक आहे, असे म्हणता येत नाही.

वडिलांना अडवू नका, त्यांच्या उत्साहाचा उपयोग करा. आहार सुरू करण्याआधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लघवीतील प्रथिने आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, आणि सल्ल्याचा तो कागद घेऊन दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. 'मला गोळ्या कमी करायच्या आहेत, कोणती आधी कमी करता येईल?' असे वडिलांनी स्वतः विचारू द्या. एक डॉक्टर खेकसला तर दुसरा गाठा. त्यांनी गोळ्या आधीच सोडल्या असतील, तर आज रात्रीच जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहा आणि उद्या उपाशीपोटीही पाहा. फार तहान, रात्री चार-पाचदा लघवीला उठणे, कपडे सैल होणे असे काही असेल तर उद्याच डॉक्टरांना दाखवा; उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर साखर कितीही दिसो, सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि जाताना गोळ्यांच्या पट्ट्या व ते चूर्ण, दोन्ही सोबत घ्या.