मोफत, मुक्त आणि मोकळीक

प्रश्न : 'फ्री सॉफ्टवेअर'ला मराठीत मोफत म्हणावे की मुक्त? आणि एखाद्या ताज्या घडामोडीवर लिहिताना 'सॉफ्टवेअर स्वातंत्र्य' हा शब्द वापरतात, तो बरोबर आहे का?

मुक्त. 'मोफत सॉफ्टवेअर' हा प्रयोग आता कृपा करून थांबवा. कार्यशाळांच्या फलकांवर, वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांत तो इतक्या वेळा भेटतो की वाचणाऱ्याला ही स्वस्तातली सोय वाटावी.

मोफत हा फारसी 'मुफ्त'वरून आलेला शब्द. तो फक्त किमतीबद्दल बोलतो, स्वातंत्र्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पुरावा हवा असेल तर २००९ च्या कायद्याचे नाव पाहा : 'मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क'. मोफत आणि सक्ती एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात, हे पुरेसे बोलके आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त संगणक प्रणाली घडवण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे इमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या टेपा १५० डॉलरला विकल्या. विकूनही ते सॉफ्टवेअर मुक्तच होते. हव्या त्या कामासाठी वापरा, आतली रचना अभ्यासून बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा, अशी ही चार स्वातंत्र्ये. त्यांत किमतीचे नाव नाही. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन्ही अर्थ वाहतो, म्हणून इंग्रजीवाल्यांना 'लिब्र' (मुक्त) हा शब्द उसना आणावा लागला. २०१० मधल्या लिब्रऑफिस या कार्यालयीन कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नावात तो बसला आहे. आपल्याकडे दोन वेगळे शब्द तयार असताना त्यांचा घोटाळा आपण का ओढवून घ्यावा?

आता खरी गंमत. संस्कृत 'मुच्' म्हणजे सोडणे. त्यावरून मुक्त, प्राकृतात मुक्क, त्याचे पुढे मुक्कल आणि आपला मोकळा. केस मोकळे, मन मोकळे, पाय मोकळे करायला निघालो, भात मोकळा झाला : शीत शिताला चिकटलेले नाही. मुक्त हा पुस्तकी पाहुणा असेल, मोकळा मात्र घरात वाढलेला आहे. आणि त्याच 'मुक्क'मधून 'मुकणे' आले! हक्काला मुकणे, जिवाला मुकणे यांतले मुकणे. त्याचा मुक्याशी संबंध जोडणारे साफ चुकतात. मुका हा 'मूक'चा, कूळच वेगळे. सुटलेला आणि गमावून बसलेला हे एकाच धातूचे निघावेत, यासारखा आनंद मला दुसऱ्या कुठल्या व्युत्पत्तीने दिलेला नाही.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की या चार स्वातंत्र्यांसाठी नेमका मराठी शब्द 'मोकळीक' हा आहे. 'लायसन्स'ला आपण परवाना म्हणतो, तोही फारसीच. परवाना मागावा लागतो, त्याची मुदत संपते, तो रद्द होतो. मोकळीक दिलेली असते. ही चार स्वातंत्र्ये देणारे १९८९ चे जनरल पब्लिक लायसन्स 'सार्वजनिक मोकळीक' म्हणून छापले, तर वाचणाऱ्याला निम्मा आशय नावातच कळेल. परिभाषा घडवणारे 'मुक्तस्रोत' पुढे करतात, ते मला मान्य नाही. तो १९९८ मध्ये पुढे आलेल्या 'ओपन सोर्स'चा तर्जुमा आहे. स्वातंत्र्याचा उल्लेख टाळून कंपन्यांना रुचेल असे नाव हवे, या विचारातून ते नाव निघाले. नाशिकच्या 'मुक्त' विद्यापीठात 'ओपन'लाही मुक्तच म्हटले आहे. त्यामुळे इंग्रजीत 'फ्री' आणि 'ओपन' अशा ज्या दोन गोटांचा वाद आहे, त्यांतला फरक मराठीत पुसला जातो. मोकळीक तो जपते. आणि मुक्त जोडून लिहू नका : करमुक्त, खड्डेमुक्त यांत 'मुक्त'चा अर्थ 'ते नसलेला' असा होतो. मुक्त सॉफ्टवेअर सुटेच लिहावे.

राहिला घडामोडींचा मुद्दा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिला पुरवलेल्या सेवा थांबवल्या. परवान्याचे पूर्ण पैसे भरले होते, असे कंपनीचे म्हणणे. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. इथे मोफत हा शब्द पार निकामी ठरतो. दाम मोजूनही मोकळीक नव्हती, म्हणून कर्मचारी स्वतःच्या ई-टपालाला मुकले. या प्रसंगी 'सॉफ्टवेअर स्वातंत्र्य' म्हणणे अगदी योग्य. मात्र नुसते मुक्त सॉफ्टवेअर घेऊन भागत नाही. ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालत असेल, तर बटण त्याच्याच हाती राहते.

१९ जुलै २०२४ ची क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची घटना मात्र यात ओढू नये. एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. पण चाचणीत कसूर झाली तर सदोष अपडेट मुक्त सॉफ्टवेअरचेही निघू शकते. तिथे बाधा आली ती एकाच पुरवठादारावर विसंबल्यामुळे, आणि त्याला 'परावलंबन' हा सरळ शब्द आहे. तोच लिहावा.