जूनमधलं मॉरिशस: आधी किनारा ठरवा, मग हॉटेल

तुमचा प्रश्न असा दिसतोय: जूनमध्ये सहा रात्री मॉरिशस, बरोबर सत्तरीच्या घरातले आई-वडील, आई अंडंही खात नाही, आणि ट्रॅव्हलवाल्याने पूर्व किनाऱ्यावरचं तिन्ही वेळच्या जेवणासकट रिसॉर्ट सुचवलंय. घेऊ का?

मॉरिशसला जरूर जा. पण जूनमध्ये पूर्व किनारा नको आणि तिन्ही वेळचं जेवण तर नकोच. मी तीनदा जाऊन आलोय, पहिल्या वेळी नेमकं हेच करून बसलो होतो.

बेट दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. हिवाळा म्हणजे दिवसा बावीस-चोवीस अंश, काही गोठायला होत नाही. पण या दिवसांत आग्नेयेकडून वारा सुटतो आणि तो आधी गाठतो पूर्वेचा, बेल मारच्या बाजूचा किनारा. आम्ही चार दिवस काचेतून समुद्र बघितला. वाळूवर बसलं की टॉवेल उडायचा, संध्याकाळी शाल लागायची. तेव्हा पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकमध्ये लोक निवांत डुंबत होते, कारण मधल्या डोंगरांचा आडोसा. डिसेंबरात गणित उलटतं: पश्चिमेला उकडतं आणि पूर्वेचा वारा सुखाचा वाटतो. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने, स्वस्त तिकिटाच्या मोहात ते घेऊ नका.

तर मुक्काम फ्लिक आं फ्लाकला करा, नाहीतर जरा वर त्रू ओ बिशला. बेट उभं जेमतेम ६५ किलोमीटर, आडवं ४५. दोन हॉटेलं बदलण्यात अर्धा दिवस घालवायची गरज नाही. फक्त सकाळी राजधानी पोर्ट लुईच्या दिशेची गर्दी पुण्याची आठवण करून देते, एवढं धरून चला. जूनमध्ये साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणजे बाहेर पडायचं ते सकाळीच. बस संध्याकाळी लवकर बंद होतात. आई-बाबांसाठी दिवसभराची टॅक्सी करा, पैसे निघण्याआधी ठरवा. स्वतः चालवणार असाल तर गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात.

आता आईंच्या जेवणाचं. रिसॉर्टमधल्या शाकाहारी कोपऱ्यात दोन दिवसांनी पुन्हा तोच पास्ता येतो. बाहेर रस्त्यावर मात्र दाल पुरी मिळते. पुरणपोळीतून गूळ काढून टाका, हरभऱ्याऐवजी पिवळ्या वाटाण्याची डाळ घाला आणि पोळी कागदासारखी पातळ लाटा, ती ही. दोन-दोनच्या जोडीने देतात, आत मोठ्या पांढऱ्या दाण्यांची रस्सेदार उसळ, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, आणि हिरवी चटणी. सोबत गातो पिमां घ्या, आपल्या डाळवड्याची सख्खी बहीण. तिखट किती ते आधी सांगा. मी पहिल्यांदा मान डोलावली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. तळलेल्या नूडल्स शाकाहारी म्हणून दिल्या तरी अंडं असू शकतं. 'सां दिझेफ' म्हणा, म्हणजे अंड्याशिवाय. क्रिओल या फ्रेंचपासून झालेल्या तिथल्या बोलीतले हे दोन शब्द आणि 'मेर्सी' एवढ्यावर माझं भागलं. सरकारी कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, आणि घरात-बाजारात क्रिओल, असा तिथला मामला.

ही डाळपुरी तिथे कशी पोचली ते पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर कळतं. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट फ्रेंचांकडून घेतलं. गुलामगिरी संपुष्टात येऊ लागली तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून १८३४ पासून भारतातून करारावर मजूर आणले. पुढच्या काही दशकांत सुमारे पाच लाख लोक या बंदरात उतरले. ज्या सोळा पायऱ्या चढून ते वर आले, त्या अजून आहेत. जागा लहान आहे, अर्ध्या-पाऊण तासात बघून होते. माझ्या वडिलांनी तिथे शब्द काढला नाही, हॉटेलवर आल्यावर मात्र दोन तास बोलत होते. जूनमध्ये उसाची तोडणी नुकती सुरू होते. बाहेर पडलात की उसाने लादलेले ट्रक दिसतील, तेव्हा ही गोष्ट आपोआप जोडली जाते.

त्या मजुरांत आपल्या कोकणातले, साताऱ्याकडचेही होते. फ्लिक आं फ्लाकपासून जवळच कास्काव्हेल आहे, मराठी वस्तीचं जुनं गाव. तिथल्या देवळाबाहेर एका आजोबांनी मला विचारलं, "तुमी खंयचे?" मी मराठीत उत्तर दिलं, त्यांना अर्धं कळलं, त्यांच्या नातवाला काहीच नाही. शाळेत मराठी शिकवतात, तरी घरात क्रिओलच चालते. आपला कोकणातला जाखडी नाच तिथे 'झाकरी' म्हणून टिकला आहे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. गेल्या काही वर्षांत ती आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आली, कारण मुख्य गर्दी विसर्जनाला. कधी ऑगस्ट-सप्टेंबरात जमलं तर तेव्हा जा, जूनपेक्षा मजा जास्त.

बाकी ठिकाणांबद्दल थोडक्यात. गंगा तलावाला ३३ मीटर उंच शंकर आहे, आई-बाबांना आवडेल. पण बेटाचा मधला भाग उंचावर आहे, किनाऱ्यावर ऊन असताना तिथे भुरभुर पाऊस आणि गारवा. स्वेटर गाडीतच ठेवा. शामारेलची सात रंगांची माती सुंदर खरी, पण फोटोंत रंग भडक केलेले असतात. पाँप्लमूसच्या बागेत परातीएवढी कमळपानं आहेत आणि चालायला सपाट रस्ते, म्हणून वयस्कांसाठी ती पहिल्या नंबरावर. दक्षिणेला ग्री-ग्रीचा किनारा बघा: बेटाभोवतीचं प्रवाळाचं कडं तिथे तुटलेलं आहे, म्हणून लाटा थेट कड्यावर आपटतात. पोहायला मुळीच नाही.

आणि तो 'पाण्याखालचा धबधबा'. ल मॉर्न डोंगराजवळ वाळू खोल उतारावरून घसरत गेलेली दिसते, त्याने डोळ्यांना भास होतो. तो फक्त वरून, हेलिकॉप्टरमधून दिसतो. किनाऱ्यावर उभं राहून शोधणारी दोन कुटुंबं मी बघितली आहेत. हेलिकॉप्टरचे पैसे माझ्या मते डाळपुरीत घाला.

पर्यटनासाठी भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हातात असू द्या, आणि येण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म भरा. ई-सिगारेट नेऊ नका, तिथे बंदी आहे. यूपीआय २०२४ पासून सुरू झालं आहे, तरी ठेल्यावर रोकडच लागते. त्यांचा एक रुपया म्हणजे आपले साधारण दोन, हिशेब करताना गोंधळू नका.

समुद्रात उतरताना आई-बाबांना रबरी तळाचे बूट घालायला लावा. प्रवाळाचे तुकडे कापतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा पायाखाली आला तर सुट्टी दवाखान्यात जाते. असे बूट इथूनच घेऊन जा, तिथे दुप्पट पडतात.