गृहपाठ वडील सोडवतात, चाचणी मुलगी देते

प्रश्न: माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. मी स्वतः इंजिनिअर आहे. रोज संध्याकाळी दोन-तीन तास तिच्यासोबत बसून फिजिक्स, केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसचा गृहपाठ सोडवतो. प्रत्येक टाइपची गणितं करून घेतली आहेत. मी सोडवून दाखवलं की तिला येतं, पण चाचणीत तेच गणित जरा बदलून आलं की कोरं सोडते. हल्ली माझं सांगून व्हायच्या आतच 'हो, समजलं' म्हणते. मी कधीकधी ओरडतो. प्रॅक्टिकलला मात्र आवडीनं जाते, पण त्यानं काय होणार? तिला इंजिनिअरिंग झेपेल का, की आत्ताच शाखा बदलावी? – एक वडील

उत्तर: तुमचं सांगून व्हायच्या आत ती 'हो, समजलं' म्हणते, या वाक्यापाशी मी थांबले. अकरावीतली मुलगी असं म्हणते तेव्हा बहुधा तिला गणित कळलेलं नसतं. तुमचा चढणारा आवाज तिला थांबवायचा असतो. 'नाही समजलं' म्हटल्यावर काय होतं याचा अनुभव तिनं घेतला आहे आणि त्यातून सुटण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधला आहे. तुमच्या टेबलाशी बसून ती सध्या हेच शिकते आहे. कडू वाटेल, पण ओरडण्याबद्दल तुम्ही आपणहून लिहिलंत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते.

ओरडण्याचा परिणाम फक्त मनावर होत नाही, गणितावरही होतो. उतरणीवरच्या ठोकळ्याचं साधं उदाहरण घ्या. वजनाचे दोन घटक, घर्षणाची दिशा, कोणती बाजू धन धरली आणि विचारलंय काय, एवढं सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. ही धरून ठेवण्याची जागा मुळातच लहान असते आणि चिंता त्यातलीच जागा खाते. गणिताच्या भीतीवरच्या प्रयोगांत हे दिसून आलं आहे. 'एवढं सोपं येत नाही?' हे ऐकल्यावर तिच्या डोक्यात घर्षणाच्या दिशेला जागा उरत नाही. मग तुम्ही पेन घेता, गणित सुटतं, वही पूर्ण होते आणि तिचा विचार तिथेच अर्धवट राहतो.

आता 'प्रत्येक टाइपची गणितं करून घेतली' याबद्दल. हा गैरसमज फक्त तुमचा नाही, बहुतेक पालकांचा आहे आणि अनेक क्लासेसही त्यावरच चालतात. १९८१ साली मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर या संशोधकांनी भौतिकशास्त्राच्या गणितांचे गट पाडायला दोन प्रकारच्या लोकांना सांगितलं. नवशिक्यांनी स्प्रिंगची एकीकडे, उतरणीची दुसरीकडे असे, म्हणजे चित्रात काय दिसतं त्यावरून गट पाडले. जाणकारांनी ऊर्जेची अक्षय्यता कुठे लागते, न्यूटनचा दुसरा नियम कुठे लागतो, हे बघून गट पाडले. त्यांच्या हिशेबी स्प्रिंग आणि उतरण एकाच गटात बसू शकत होत्या. तुम्ही म्हणता ते 'टाइप' पहिल्या प्रकारचे असतील, तर चित्र बदललं की मुलीच्या हातातून सगळं निसटणारच. केमिस्ट्रीतही असंच होतं. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजनपासून पाणी किती, असं विचारलं की बेरीज करून २० ग्रॅम लिहिणारी मुलं खूप असतात. आधी काय संपेल, हा प्रश्न त्यांना पडलेलाच नसतो. ऑक्सिजन आधी संपतो, त्याला फक्त २ ग्रॅम हायड्रोजन लागतो, पाणी १८ ग्रॅम होतं आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. 'आधी काय संपेल?' हा प्रश्न जिला स्वतःहून पडतो, तिला वायूंऐवजी आम्ल आणि धातू दिले तरी अडत नाही.

सोडवून दाखवणंच चूक, असं मी म्हणत नाही. नव्या धड्यात एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाच. दुसऱ्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या तिच्यावर सोडा, तिसऱ्यात फक्त सुरुवात करून द्या. पुढे पेन तिच्याच हातात राहू द्या. ती अडली तर 'काय दिलंय? काय काढायचंय? आकृती काढ बघू' एवढंच विचारा आणि गप्प बसा. तुम्हाला उत्तर येत असताना गप्प बसणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे. उत्तर बरोबर आहे का, हेही तुम्ही सांगू नका, ते तिला तपासू द्या. इंटिग्रेशनचं उत्तर आलं की त्याचं डिफरन्सिएशन करून मूळचं फलन परत मिळतं का, हे बघायला एखादं मिनिट पुरतं. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचं त्वरण शून्य, असं तिनं लिहिलं तर खोडू नका. 'मग तो तिथून खाली का येईल?' असं विचारा.

वेळही कमी करा. रोज अर्धा तास खूप झाला, तोही तिनं बोलावलं तर.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आज देता येत नाही. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, बीएस्सी, फार्मसी हे रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत, त्यांची यादी पुन्हा देत नाही. अडचण अशी की तुमच्या मुलीला काय येतं हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. वहीत दिसतं ते तुमचं गणित आहे आणि चाचणीत दिसते ती तिची भीती. दोन्हींवरून शाखा ठरवणं तिच्यावर अन्याय होईल. तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीत, प्रॅक्टिकलला आवडीनं जाते, आणि लगेच ती खोडून टाकलीत. माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रात फक्त त्याच ओळीत ती स्वतः दिसते. प्रयोगशाळेत जाऊन तिला नेमकं काय आवडतं? द्रावण बनवणं, मोजमाप घेणं, की नोंदी ठेवणं? हे तिला विचारा. विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, औषधांची गुणवत्ता तपासणी, पदार्थविज्ञान (मटेरियल्स सायन्स) या क्षेत्रांत अशी आवड असलेली माणसं लागतात. गणित तिथेही लागतं, त्यातून सुटका नाही. पण आवडलेल्या कामासाठी मुलं गणिताशी बरीच झटापट करतात, हे मी पाहिलं आहे.

पुढचे काही आठवडे तिची वही अर्धवट जाईल. गृहपाठाचे गुण कमी होतील. त्यासाठी तिला बोल लागू नयेत म्हणून तुम्ही स्वतः शिक्षकांना भेटा आणि आतापर्यंतचा गृहपाठ कुणी सोडवला ते सांगा. ती नेमकी कुठे अडते, हे त्यांना कळायला आजवर वावच नव्हता.